खाली जाण्याची टक्केवारी

माझे आईवडील पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की कारखान्याच्या ट्रकात भांडी, गोधड्या आणि धाकटा भाऊ टाकून ऊस तोडायला जायचे, ते पाडव्यालाच परत. तिकडं पाचटाची कोपी, तिच्यात वाकून शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. चौथीपर्यंत मीही त्या कोपीत राहिले. मग शाळा बुडू नये म्हणून आईनं मला भिंगारला मावशीकडं ठेवलं. मावशीच्या दोन खोल्या, त्यात सहा माणसं, सातवी मी.

पोचले त्याच संध्याकाळी शेजारच्या घरातून एक उंच, वाळका माणूस हातात खडू घेऊन बाहेर आला. माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "काय वाटतं तुला? आपण खाली जाऊ का?"

मला वाटलं, आमच्या घराबद्दल विचारतोय. मी म्हटलं, "याच्या खाली आनखी काय असतं?"

त्याचा चेहरा उतरला. "ब गट," तो म्हणाला, आणि दाराजवळ टांगलेल्या पाटीवरचा आकडा पुसून त्यानं त्यात सातची भर घातली.

हे शांतवनअण्णा. लष्करी खात्यात सिव्हिलियन क्लार्क होते, आता निवृत्त. 'गुड मॉर्निंग फुटबॉल क्लब, भिंगार'चे सेक्रेटरी, खजिनदार, निवड समिती आणि रविवारचे आचारी तेच. जिल्ह्याच्या लीगमध्ये अ गटात आठ संघ. मोसमाच्या शेवटी जो आठवा, तो ब गटात जातो. आमचा क्लब गेली कित्येक वर्षं सहावा किंवा सातवा. म्हणजे अण्णा गेली कित्येक वर्षं घाबरलेले. ज्या माणसाच्या नावाचा अर्थच सांत्वन, त्याला कधी निवांत बसलेलं मी पाहिलं नाही.

पाटीवर रोज सकाळी आकडा यायचा. खाली जाण्याची शक्यता, टक्क्यांत. गोलकीपरला सर्दी झाली, अधिक चार. डाव्या बाजूच्या पोराचं लग्न ठरलं, अधिक नऊ. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी क्लबसाठी प्रार्थना केली, उणे दोन. पुढं मी बी.कॉम. झाले. आमच्या सबंध खानदानात पहिली पदवी माझी, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. त्या दिवसापासून अण्णांनी माझं नावच 'ग्रॅज्युएट' ठेवलं आणि क्लबची हिशोबाची वही माझ्या मांडीवर आणून टाकली. एकदा पाटीवर एकशे सतरा टक्के दिसले. मी म्हटलं, अण्णा, शंभराच्या वर काही जात नाही, हे मी कॉलेजात शिकलेय.

"भीती जाते," अण्णा म्हणाले.

मॅचला अण्णा नेहमी हजर असायचे, पण मॅच त्यांनी कधी बघितली नाही. मैदानाकडं पाठ, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडं. दर मिनिटाला विचारायचे, "कुठं हाय बॉल?" मी शेजारी उभी राहून सांगायची. आपल्या अर्ध्यात. त्यांच्या अर्ध्यात. बाहेर गेला. नाल्यात गेला. नाल्यात गेला की ते श्वास सोडायचे, कारण तेवढा वेळ तरी कुणी गोल करू शकत नाही.

एक शब्द त्यांच्यासमोर काढायची बंदी होती. आमच्याकडं गट सुटण्याला 'उतरणं' म्हणतात. अमका क्लब उतरला, तमका उतरणार. म्हणून अण्णांच्या घरात दूधही चुलीवरून उतरत नसे, ते 'बाजूला' होई. एसटीत ते कंडक्टरला म्हणायचे, "मला भिंगारला सोडा." एका मोसमात आमच्या जर्सीवर जाहिरात देणाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या दुकानदारानं हौसेनं मोठा फ्लेक्स करायला टाकला. 'गुड मॉर्निंग क्लब नव्या दमाने मैदानात उतरत आहे.' अण्णांनी तो छपाईआधी पाहिला. प्रेसवाल्याला त्यांनी हात जोडून दुरुस्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'गुड मॉर्निंग क्लब नव्या दमाने मैदानात चढत आहे', आणि खाली अठरा पोरांचे फोटो. भिंगारमध्ये महिनाभर आमच्या पोरांना लोक विचारत होते, कुठवर चढलात रे, शिडी पाठवू का.

क्लबची आर्थिक स्थिती मला एका पानावर मांडता यायची. जमेला टाक्यावाल्याची देणगी, नाताळच्या केकची विक्री आणि सभासदांची वर्गणी, म्हणजे मागून मागून आलेली अर्धी. खर्चाला बॉल, रेफ्रीचं मानधन, रेषा मारायचा चुना, आणि रविवारच्या सरावानंतर अण्णांच्या घरी होणारी अंडा-भुर्जी. भुर्जी ते 'मनुष्यबळ विकास' या सदरात टाका म्हणायचे. मी टाकत नसे. 'भुर्जी' असंच लिहायची.

मग एका मोसमात टाक्यावाल्याला धंद्यात बरकत आली आणि त्यानं एक स्ट्रायकर आणा म्हणून अकरा हजार वेगळे दिले. क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी रक्कम. अण्णा चार दिवस झोपले नाहीत. खेळाडू बदलायची मुदत आमच्याकडं आठ दिवसांची. त्या आठ दिवसांत पोरं पळवली जातात, लपवली जातात, मामाच्या गावी पाठवली जातात. संगमनेरला सॅम्युएल नावाचा पोरगा धडाधड गोल मारतो अशी बातमी होती. अण्णा पहाटेच्या एसटीनं संगमनेरला गेले. घर सापडलं. त्या घरानं जेवू घातलं. पण अण्णांचं अर्धं लक्ष दाराकडं, दुसऱ्या क्लबचा माणूस कधी येऊन टपकेल या धास्तीनं. त्यांनी घाईघाईनं विचारलं, "सॅम्युएल तूच ना?" समोरचा म्हणाला, "व्हय." "फुटबॉल खेळतोस?" "खेळतो की." फॉर्मवर सही, हातात बूट, जर्सी आणि पाकीट.

आता आमच्या ख्रिस्ती घरांत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. आजोबा एक असले तरी नातू चार असतात. त्या घरात दोन सॅम्युएल होते, चुलत भाऊ. गोल मारणारा तेवीस वर्षांचा सॅम्युएल त्या वेळी अण्णांना पाणी वाढत होता. सही केली ती अडतीस वर्षांच्या सॅम्युएलनं, ज्याचा लग्नाच्या मांडवाचा धंदा होता आणि जो शेवटचा फुटबॉल नववीत खेळला होता. मी म्हटलं, अहो अण्णा, पोटाकडं तरी बघायचं. ते म्हणाले, "मला वाटलं दम साठवून ठेवलाय."

फॉर्म जमा झाला होता, मुदत संपली होती. मोठा सॅम्युएल स्वभावानं सज्जन. पैसे परत देतो म्हणाला, अण्णांनी घेतले नाहीत. मग तो दर शनिवारी मुक्कामाला यायचा आणि बचावात उभा राहायचा. पळत नसे, पण त्याला हलवताही येत नसे. पोरं त्याला 'डेकोरेशन' म्हणायची.

हसू यायचं, पण भीती मलाही होती. मी पतसंस्थेत लागले होते ती तात्पुरती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, नाही आला तर घरी. वर आलेल्या माणसाला खाली जायची धास्ती कशी असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून एकदा मी अण्णांना सरळच विचारलं, ब गटात गेलो तर असं काय होईल? फुटबॉल तिथंही गोलच असतो.

त्यांनी मला पलीकडच्या गल्लीतल्या एका क्लबची गोष्ट सांगितली. तो क्लब खाली गेला. महिन्याभरात त्याची पोरं एकेक करून दुसऱ्या क्लबांत गेली, कारण अ गटात खेळल्याचा दाखला भरतीला उपयोगी पडतो. त्यांचे सेक्रेटरी आता संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसतात आणि दुसऱ्यांच्या पोरांचा बाहेर गेलेला बॉल आणून देतात. "त्यांच्या घरी जाऊन बघ," अण्णा म्हणाले, "अजून सतरा चहाचे कप हायेत."

अण्णांच्या घरात बाकी कुणी नव्हतं. लग्न केलं नाही. तरुणपणी पुणतांब्याला मुलगी बघायला निघाले होते, पण नकाराची शक्यता धरून वाटेतूनच परत आले, असं मावशी सांगायची.

मोसमाचा शेवटचा रविवार आला तेव्हा आम्ही सातवे होतो, गाठ आठव्याशीच होती आणि गणित सोपं होतं. बरोबरी झाली तरी वाचणार, हरलो तर खाली. शनिवारी दुपारी मी बाहेर डोकावले तर पाटी कोरी. एकशे सतरानं मी इतकी घाबरले नव्हते.

थोड्या वेळानं अण्णा आमच्याकडं आले. खुर्चीच्या कडेला बसले, चहाला हात लावला नाही. एक जाड पाकीट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. आत सतरा ना-हरकत दाखले. खेळाडूला क्लब सोडायचा तर सेक्रेटरीच्या सहीचा हा कागद लागतो, आणि पोरांना अडवायचं झालं तर सेक्रेटरी तोच दाबून ठेवतात. सतराच्या सतरा दाखल्यांवर प्रत्येकाचं पूर्ण नाव अण्णांनी स्वतःच्या क्लार्की अक्षरात लिहिलं होतं. खाली सही, शिक्का. फक्त तारीख कोरी. अठरावा डेकोरेशन, त्यानं म्हणे आधीच नको म्हणून सांगितलं होतं.

"उद्या हरलो तर पोरांना दुसरीकडं जावं लागंल," अण्णा म्हणाले. "जायलाच पायजे. पण माझ्या तोंडाकडं बघून मागायला त्यांना जड जाईल. कुनी लाजंनं थांबायला नको. तू तारीख टाकून देत जा."

"आणि तुम्ही?"

"मी घरात नसंन."

"कुठं जाणार?"

"घरातच असंन. पन तू नाहीत म्हनून सांग."

मी पाकीट कपाटात ठेवलं. रात्रभर ते कपाट मला दिसत राहिलं.

रविवारची मॅच. पंचाऐंशी मिनिटं कुणाचाच गोल नाही. डेकोरेशन दोनदा बॉलच्या आड पडला, एकदा स्वतःच्या मर्जीनं. अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे, प्लास्टरच्या एका भेगेवर बोट ठेवून. दर मिनिटाला तोच प्रश्न, मी उत्तर देतेय. मग आमच्या गोलसमोर गर्दी झाली, कुणाचा तरी पाय लागला, आणि पलीकडची माणसं ओरडली.

अण्णांनी ओरडा ऐकला होता. तो कुणाचा, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

"कुठं हाय बॉल?"

मी त्यांच्याशी बॉलबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. "मध्यावर, अण्णा."

गोल झाला की बॉल मध्यावर येतो, आणि ज्याच्यावर झाला तो खेळ सुरू करतो.

"आपन टाकायचाय?"

"हो."

अण्णांनी भेगेवरचं बोट काढलं. मग वळले. इतक्या वर्षांत त्यांना मैदानाकडं तोंड केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. उरलेली चार-पाच मिनिटं त्यांनी पापणी न लवता बघितली. पोरं जीव तोडून पळत होती. अण्णा एकदाच बोलले, अगदी नवल वाटल्यासारखे. "किती चांगली खेळतात गं."

शिट्टी झाली. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून आल्यावर मी पाकीट काढून दारातल्या टेबलावर ठेवलं आणि पोरांना निरोप धाडला, ज्याला दाखला हवा त्यानं न्यावा. शेजारी अण्णांचं दार आतून बंद. पहिला आला आमचा गोलकीपर. त्याला पुण्याच्या एका कंपनीच्या संघात जागा मिळत होती. मान खाली घालून त्यानं दाखला घेतला आणि अण्णांच्या बंद दाराला हात लावून गेला. मंगळवारी आणखी एक आला. बुधवारी कुणी नाही. गुरुवारी कुणी नाही. दाराशी पावलं वाजली की मी धसकायची, आणि पाकीट तेवढंच जाड राहायचं.

रविवारी सकाळी सहाला गल्लीत आवाज आले. मी बाहेर आले तर पोरं अण्णांच्या दाराशी उभी, पायांत बूट, आणि मागं संगमनेरहून आलेला डेकोरेशन. एकानं कडी वाजवली. "ओ अण्णा, बॉल द्या की, सरावाला उशीर व्हतोय."

आतून आवाज आला, "अण्णा घरात नाहीत."

"मग अंडी कोन फोडनार?" डेकोरेशननं विचारलं.

मग कडी निघाली. अण्णा बॉल छातीशी धरून दारात उभे होते. त्यांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ग्रॅज्युएट, सोळा येतात का गं? माझी काहीतरी चूक होतीय."

मी म्हटलं, सोळाच आहेत.

ब गटाच्या नोंदणीचा फॉर्म मी भरला. खेळाडू सोळा, सेक्रेटरी शांतवनअण्णा. मोसमाच्या शेवटी गुड मॉर्निंग क्लब ब गटात तिसरा आला. सोळाही जण शेवटच्या मॅचपर्यंत खेळले.