मे महिन्यातला ब्लेझर

"मे महिन्यात लोकरीचा कोट?" हनीफ मास्तरांनी मापाची पट्टी मगनच्या छातीवर तशीच धरून ठेवली. "कुणाचं लग्न डिसेंबरात ठरलंय का?"

"परवा मुलगी पाहायला जायचंय," मगन म्हणाला.

"मग पातळ सुती कोट शिवू की."

"नको. ब्लेझर पाहिजे. इंजिनीयर साहेब टेनिस खेळून येताना घालतात तसा. निळा, पितळी बटनांचा."

"साहेब लोक तो खेळ झाल्यावर घालतात, मगनभाऊ. अंगावरचा घाम एकदम थंड पडू नये म्हणून." हनीफने दुकानाबाहेर पाहिलं. भर रस्त्यात एक कुत्रा रिकाम्या टांग्याखाली जीभ काढून पडला होता. "आपल्या जळगावात या महिन्यात घाम थंड पडलेला कुणी पाहिलाय?"

मगनने पट्टीखाली छाती फुगवली. त्याचं ठरलं होतं. सरकी काढणाऱ्या एका कापसाच्या जिनमध्ये तो हिशेबनीस होता. पगार बरा, नाकीडोळी ठीक, वय सव्वीस. तरी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या अंगात वडिलांचा काळा अल्पाकाचा बंद गळ्याचा कोट होता. तो कोट घातला की मगन सव्वीसचा सेहेचाळीस दिसे. आता त्याची थोरली बहीण भागाबाई हिने अमळनेरजवळच्या एका खेड्यातलं स्थळ आणलं होतं. झिपरू आबांची मुलगी प्रमिला, सातवी पास. भागाबाई सांगत आली होती, "पोरगी म्हनस, आबासारखा काळा कोटवाला नको." एवढं ऐकल्यावर मगन त्या काळ्या कोटाकडे बघेनासाच झाला.

"तुमचे आजोबा माझ्या आजोबांकडून बाराबंदी शिवून घ्यायचे," हनीफ माप लिहिता लिहिता म्हणाला. "तिला बांधायचे बंद बारा. तुमच्या वडिलांच्या कोटाला बटनं सहा. या ब्लेझरला तीन, आणि तीही साहेब लावत नाही. कपडा उघडत चाललाय, मगनभाऊ. तुमच्या नातवाला काय शिवावं लागेल, अल्ला जाणे." मग त्याने फ्लॅनेलचा तागा उलगडला. "कापड एकदा भिजवून वाळवून घेऊ द्या. या रंगाचा भरवसा वाटत नाही."

"वेळ कुठे आहे? परवा गाडी पकडायची आहे."

"मग घालून भिजू नका."

"मे महिन्यात कुठला आलाय पाऊस," मगन म्हणाला. माणूस पावसाशिवायही भिजतो हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ब्लेझरखाली वडिलांचे करकर वाजणारे चामडी जोडे शोभले नसते. म्हणून मगनने बाजारातून पांढऱ्या कॅनव्हासचे टेनिसचे बूट घेतले. त्यांचे तळ पिवळट कच्च्या रबराचे होते. दुकानदाराने बूट दोन्ही हातांनी वाकवून दाखवला आणि म्हणाला, "लोण्यासारखा मऊ आहे, साहेब." मगनला कुणी साहेब म्हटल्याची ती पहिलीच वेळ होती. त्याने घासाघीस केली नाही.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने बहीणभाऊ निघाले. गाडीत मगनने ब्लेझर घडी करून मांडीवर ठेवला होता. मांडी भाजत होती, पण घडी मोडली नाही. अमळनेर स्टेशनावर आबांनी बैलांची दमणी पाठवली होती. गाव जवळ आल्यावर मगनने दमणी थांबवली, कोट अंगात चढवायला तो खाली उतरला, आणि दमणीच्या एका उघड्या खिळ्याने त्याच्या शर्टाची कॉलर मागून पकडली. टर्र असा लांबलचक आवाज झाला.

"काय फाटलं?" भागाबाईने विचारलं.

"बघ ना."

भागाबाईने पाहिलं. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत दुभंगला होता. पुढून तो शर्ट होता, मागून दोन पडदे होते.

"सुई आहे का, अक्का?"

"मी काय शिंपीन शे का? आते त्यासना घर सुई मांगू, तर म्हनतीन फाटका पोऱ्या संगे लई उनी." तिने कोट उचलून त्याच्या अंगात घातला आणि पाठीवरून हात फिरवला. "दिसत नही. फक्त कोट काढू नको."

"संध्याकाळपर्यंत?"

"लगीन करनं शे ना?"

मगनने पितळी बटनं तिन्हीच्या तिन्ही लावली.

झिपरू आबा दिलदार माणूस. त्यांनी दारातच मगनला मिठी मारली आणि हात चटकन मागे घेतला, कारण ब्लेझर तव्यासारखा तापला होता. मगनने बूट दाराबाहेरच्या दगडी पायरीवर, भर उन्हात काढून ठेवले आणि ओसरीवर जाऊन बसला.

"कोट काढा, मगनभाऊ. घरच समजा."

"असू द्या, आबा. मला सवय आहे."

"या उन्हाची?"

"टेनिस खेळतो ना," मगन बोलून गेला. तोंडातून शब्द निघाला आणि परत घेता आला नाही. आबांचे डोळे मोठे झाले. टेनिस त्यांनी पाहिलं नव्हतं, पण अमळनेरला मोठे अधिकारी ते खेळतात एवढं ऐकून होते. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "भिकुबाई, पाहुणा टेनिस खेळस बरं का!"

भिकुबाई ही आबांची थोरली विधवा बहीण. घरातले सगळे निर्णय आबा घेत आणि ते कोणते घ्यायचे हे भिकुबाई सांगे. ती दाराआडून बाहेर आली, मगनसमोर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात प्रमिला पन्ह्याचे पेले घेऊन आली. मुलगी उंच होती, मान खाली होती, पण डोळे खाली नव्हते. मगनला तिला नीट पाहायचं होतं. पण कपाळावरून घामाची धार नेमकी डोळ्यात उतरली आणि त्याला दोन प्रमिला दिसल्या. दोन्ही चांगल्या होत्या.

"पंखा दे ग," आबा म्हणाले. "विहिरीवर पाणी थंड आहे, मगनभाऊ. अंग धुऊन घ्या, बरं वाटेल."

"नको, आबा."

"पाय तरी?"

"मी घरून धुऊन आलोय."

भिकुबाईने भागाबाईला खांबाआड ओढलं. "भाऊनी तब्येत बरी शे ना?"

"एकदम बरी शे."

"मंग कोट काब्र काढस नही?"

"त्याले आवडस," भागाबाई म्हणाली. याहून बरं तिला सुचलं नाही.

भिकुबाई परत येऊन बसली तेव्हा मगन पेला उचलत होता. बाहीतून मनगट बाहेर आलं, आणि त्या मनगटावर निळी छटा होती. तिने वर पाहिलं. कॉलरखालून एक निळा ओघळ गळ्याकडे निघाला होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती आबांच्या कानाशी लागली. ती कुजबुजली असं तिला वाटलं, पण ओसरीवर सगळ्यांनी ऐकलं.

"दख भाऊ, पोऱ्याना हात निळा पडी राहिना. आंगले काही तरी रोग शे. म्हनीसन कोट काढस नही."

आबांनी मगनच्या हाताकडे पाहिलं. त्यांना पाहुणा दुखवायचा नव्हता आणि मुलगीही विहिरीत ढकलायची नव्हती. त्यांनी मधला मार्ग काढला. "चला, शेत दाखवतो. नवं ऑइल इंजिन बसवलंय." मनात त्यांचा हिशेब असा की चार पावलं चालला की कोट काढेलच. भिकुबाईनेही डोक्यावर पदर घेतला. "मी बी येस," ती म्हणाली. मग भागाबाईलाही जावंच लागलं.

पायरीवरचे बूट मगनने पायात घातले तेव्हा पायरीने ते सहजासहजी सोडले नाहीत. रबर उन्हात डिंकासारखं झालं होतं. चालताना चक्, चक् आवाज येऊ लागला. खळ्यावरून जाताना ज्वारीचा भुसा तळाला चिकटला, त्याला माती चिकटली, पुढे गोठ्याच्या दारात काय चिकटलं ते मगनने पाहिलं नाही. प्रत्येक पावलाला बूट जड आणि मगन उंच होत गेला. शेताच्या बांधावर पोचेतो तो आबांपेक्षा चांगला चार बोटं वर दिसू लागला.

"टेनिसच्या बुटाला असंच असतं का?" आबांनी आदराने विचारलं.

"घसरू नये म्हणून," मगन म्हणाला. आता खोटं बोलायलाही त्याला दम लागत होता.

इंजिन धडधडत होतं. आबा ते किती पाणी ओढतं हे सांगत होते. मगनला वाटलं की इंजिन आपल्या डोक्यातच आहे. मग विहीर हळूहळू वर आली, आभाळ बाजूला सरकलं, आणि तो चिकटलेल्या बुटांवरच उभ्याउभ्या मागे कलला.

"धरा त्याले," आबा ओरडले. इंजिनवाल्याने आणि आबांनी मिळून त्याला उचललं आणि पाण्याच्या हौदाशी आणलं. "भिकुबाई, कोट काढ." भिकुबाई पुढे सरसावली. भागाबाई मध्ये आली, "राहू द्या हो, राहू द्या," म्हणू लागली, पण भिकुबाईने एका हाताने तिला बाजूला केलं आणि दुसऱ्या हाताने तीन बटनं काढली. कोट निघाला. त्याबरोबर शर्टाचे दोन पडदे दोन बाजूंना गेले आणि मगनची पाठ सगळ्यांसमोर आली. ती मानेपासून कमरेपर्यंत निळी होती.

 मग भिकुबाईने पाण्याचा पहिला हंडा मगनच्या डोक्यावर ओतला. काय करावं ते न सुचून तिने दुसरा ओतला, आणि तिसऱ्या हंड्याला तिच्या लक्षात आलं की निळं पाणी खाली वाहतंय आणि पाठ उजळ होत चाललीय. तिने बोटाने खांद्यावर घासून पाहिलं. बोट निळं झालं. खांदा साध्या माणसासारखा होता. शेजारी बैल पाणी प्यायला आले होते, त्यांनी हौदात तोंड घातलं आणि परत काढलं.

भागाबाई खाली बसून रडू लागली. रडता रडता तिने दमणी, खिळा, शर्ट सगळं सांगितलं. भिकुबाई ऐकत राहिली. मग आबांकडे वळून म्हणाली, "पोऱ्या चांगला शे, भाऊ. रंग तेवढा कच्चा शे."

मगनला जाग आली तेव्हा तो ओसरीवर बाजेवर होता, अंगावर आबांचं उपरणं होतं. पलीकडे खांबाला टेकून प्रमिला त्याचा शर्ट शिवत होती. आत बायकांचं बोलणं चाललं होतं. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं.

"शर्ट फाटला एवढं सांगायला काय झालं होतं?" तिने वर न पाहता विचारलं.

"लाज वाटली." मगनने घसा खाकरला. "तुम्ही म्हणाला होता ना, काळा कोटवाला नको."

तिची सुई थांबली. "मी असं नाही म्हटलं. मी म्हटलं, कोट काळा असो की कसाही, माणूस बोलणारा पाहिजे. आधी आलेले सगळे मूग गिळून बसायचे. तुमच्या बहिणीनं अर्धंच ऐकलं."

मगन छताकडे बघत राहिला. कोट, बूट, दोन दिवसांची धावपळ, निळी पाठ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्याला हसू आलं आणि आवरेना. "मग आता बोलतो," तो म्हणाला. "मला टेनिस येत नाही. कुंपणाबाहेरून साहेबांना खेळताना पाहिलंय, बस."

"ते मला कळलं होतं."

"कसं?"

"हातात बॅट धरून धरून घट्टे पडतात म्हणे. तुमच्या बोटांना शाई आहे." तिने दोरा दाताने तोडला. मग दाराकडे पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "माझंही एक ऐका. मी सातवी पास नाही. गणितात गेले. आबांनी निकालाआधीच गावभर पेढे वाटले, मग निकाल कुणी विचारलाच नाही. हे पसंत नसेल तर आत्ताच सांगा, शर्ट परत देते."

"शर्ट द्याच," मगन म्हणाला, "आणि गणिताची काळजी सोडा. माझ्या घरात गणित एकाला आलं तरी पुरतं."

लग्न ज्येष्ठात झालं. मगनच्या अंगात पातळ मलमलीचा सदरा होता आणि पायात साध्या वहाणा. मांडवात आबांचा आनंद मावत नव्हता. अमळनेरचे ओव्हरसियर साहेब सपत्नीक आले होते, त्यांना हाताला धरून आबा मगनपाशी घेऊन आले. "हे आमचे जावई. जळगावला टेनिस खेळतात."

"अरे वा," ओव्हरसियर म्हणाले, "आम्हाला एक माणूस कमीच पडतो. येत्या रविवारी या."

मगनने प्रमिलाकडे पाहिलं. मुंडावळ्यांआडून ती त्याच्याकडेच बघत होती. त्याने हात जोडले. "साहेब, खरं सांगतो, मला टेनिस येत नाही. रॅकेट हातात धरलेली नाही."

ओव्हरसियर साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चांगले खेळाडू असंच म्हणतात. रविवारी बघू."

त्यांच्या पत्नी प्रमिलाकडे वळल्या. "आणि नवरी मुलगी सातवी पास, नाही का?"

"नाही, बाई," प्रमिला म्हणाली. "नापास."

आबा इतके मोठ्याने हसले की पंगतीतल्या लोकांनी मान वळवून पाहिलं. त्यांनी एक हात जावयाच्या आणि दुसरा लेकीच्या डोक्यावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दखा, साहेब," ते म्हणाले, "दोन्ही सारखाच गरीब सभावना शेत. सोतानं मोठेपन कधी सांगतस नही."