भोंग्याचे चार

"भोंगा अकरा मिनिटं मागं हाय, सायेब."

टाइम ऑफिसच्या दाराबाहेर पायताण काढून रंभाजीबाबा उभे होते. उत्तमरावांनी हजेरीपटावरून मान वर केली नाही.

"कोण म्हणतं?"

"माझं घड्याळ म्हन्तंय. नगरच्या गाडीच्या कंडक्टरशी बी ताडून पाह्यलं."

"बाबा, तुमचं घड्याळ कोणत्या सालचं?"

"कारखान्याच्या पायाभरनीच्या सालचं."

"आणि भोंगा?"

"यंदाचा."

"मग?" उत्तमराव म्हणाले.

 रंभाजीबाबांनी घड्याळ बंडीच्या खिशात ठेवलं, पायताण घातलं आणि ते गेस्ट हाउसच्या बागेला पाणी घालायला निघून गेले. हल्ली त्यांच्याकडे तेवढंच काम होतं.

त्याआधी सतरा वर्षं भोकरदरा साखर कारखान्याची वेळ रंभाजीबाबांच्या हातात होती. गळीत चालू असलं की वाफेच्या भोंग्याची साखळी ते ओढत. बॉयलर थंड झाले की लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले देत. आसपासची पाच-सहा गावं त्या आवाजावर उठत, जेवत, जनावरं सोडत. त्यांची एकच खोड होती. बांधावरून कुणी कामगार धोतराचा सोगा धरून पळत येताना दिसला, की बाबा साखळीला हात घालून तसेच उभे राहत. तो फाटकाच्या आत आला, की मगच भोंगा होई.

उत्तमरावांना ही खोड खपत नसे. ते टाइम ऑफिसचे मुख्य होते. बाबांशी त्यांची दोस्ती जुनी. कारखान्याच्या जागी नुसती बाभळीची रानं होती तेव्हा दोघांनी एका तंबूत दिवस काढले होते, एका ताटात भाकरी मोडली होती. पण शिस्त ती शिस्त. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस स्वयंचलित विजेच्या भोंग्याची रंगीत चित्रं घेऊन आला, तेव्हा संचालकांच्या बैठकीत सगळ्यात जास्त उत्तमरावच बोलले. "माणूस आला की दयामाया आली. यंत्राला कुणी पळत येताना दिसत नाही," असं ते म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या पुढे बरेच दिवस त्यांना आठवत राहिल्या, आणि नंतर नंतर त्या आठवू नयेत असं त्यांना वाटू लागलं.

यंत्र आलं. लोखंडी पेटी, आत विजेचं घड्याळ, पेटीला शिशाचं सील. सील तुटलं तर कंपनीची हमी खलास. पेटीला हात लावायचा तो फक्त कंपनीच्या इंजिनिअरनं. हंगामात कारखान्याची स्वतःची वीज होती, तोवर भोंगा काट्यावर वाजला. एप्रिलमध्ये गळीत संपलं आणि पेटी बोर्डाच्या विजेवर आली. ते बहात्तर साल होतं, धरणांनी तळ गाठला होता, आणि वीज दिवसातून कधी दोन मिनिटं तर कधी पाच मिनिटं जाऊन येई. गेली की पेटीतलं घड्याळ थांबे. आली की जणू काही झालंच नाही अशा थाटात तिथूनच पुढे चालू लागे.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. उत्तमरावांचं स्वतःचं मनगटी घड्याळ रोज थोडं पुढे पळू लागलं. रोज ते भोंग्याशी लावून मागे घेत. आठवडाभरानं कंटाळून त्यांनी ते नगरला घड्याळजीकडे पाठवलं. घड्याळजीनं 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत केलं, तेव्हा घड्याळजी बदलावा असं उत्तमरावांनी ठरवलं. हॉटेलवाल्या मच्छिंद्रच्या रेडिओवरच्या बातम्या भोंग्याच्या आधीच संपू लागल्या. त्यानं रेडिओत नवे सेल घातले. लोक कुजबुजू लागले, तेव्हा उत्तमरावांनी फाटकावर पाटी लावली : 'कारखान्याचा भोंगा हीच प्रमाण वेळ समजावी.'

मग नगरची एस.टी. वेळेआधी सुटू लागली. म्हणजे लोकांना तसं वाटू लागलं. साडेचारची गाडी भोंग्याच्या हिशेबानं चारच्या सुमारालाच धुरळा उडवून जाई. गावानं सह्यांचा अर्ज केला. अर्ज उत्तमरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिला. कंडक्टर बेजबाबदार आहे, मनाला येईल तेव्हा घंटी मारतो, त्याला समज द्यावी. डेपोनं समज दिली, वर एक तपासनीसही नेमला. तो कंडक्टर बिचारा आजवर गाठोडं घेऊन येणाऱ्या म्हातारीसाठी गाडी थांबवायचा. आता साडेचारचा काटा टेकला की तो घंटी मारू लागला.

त्यानंतर गावातल्या गोजरबाईच्या लेकीचं लग्न आलं. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. वऱ्हाड कोल्हारचं. भटजींनी घड्याळ भोंग्याशी लावलेलं, आणि नवरदेवाच्या मामानं आपलं आपल्या गावाहून लावून आणलेलं.

"आवो, मुहूर्त टळून गेला! साडेबारा वाजलं!" मामा ओरडला.

"आत्ताच तर बाराचा भोंगा झाला. वीस मिनिटं अवकाश आहे," भटजी म्हणाले.

"भोंगा तुमच्या गावाचा. नवरदेव आमच्या गावाचा!"

"मंग आमच्या मांडवात कशाला आला? तिकडंच लावायचं हुतं लगीन!" गोजरबाईचा दीर अंगावर गेला.

मांडवात उत्तमराव पाहुणे म्हणून आले होते. निवाडा त्यांच्याकडे गेला. त्यांनी दोन्ही घड्याळं हातात घेतली, खाकरले, आणि कोल्हारची घड्याळं पुढे आहेत असं जाहीर केलं. मांडवाच्या कडेला पत्रावळी मांडत बसलेल्या रंभाजीबाबांकडे त्यांची नजर गेली. बाबांनी खिशाकडे नेलेला हात परत घेतला आणि पत्रावळी सारख्या केल्या. लग्न भोंग्याच्या वेळेवर लागलं. मामा जेवला नाही.

त्याच महिन्यात बाबांचं निवृत्तीचं पत्र निघालं. बायको मागेच वारलेली. कारखान्याची खोली सोडून ते पारनेरला लेकीकडे, भिमाबाईकडे, जाणार होते. पत्रावर सही करताना उत्तमरावांना पहिल्यांदा काहीतरी टोचलं. बागेला पाणी घालायला लावलं आपण या माणसाला. एक चांगला समारंभ करू, असं त्यांनी ठरवलं. शाल, नारळ, हार, हलगीवाले, आणि चार शब्द. ते चार शब्द त्यांनी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा फाडले, कारण प्रत्येक वेळी कागदावर 'माझी चूक झाली' असं काहीतरी उतरू लागे. कागद नकोच, ऐनवेळी तोंडानंच म्हणू, असं त्यांनी शेवटी ठरवलं.

"बाबा, तुम्ही साडेचारच्या गाडीनं जा. आम्ही सगळे स्टँडवर येतो," त्यांनी सांगितलं.

"कशाला तरास? मी जाईन की."

"तसं नाही. आता तपासनीस आहे, गाडी आधी सुटायची नाही. चारचा भोंगा झाला की आलोच आम्ही."

 बाबांनी एकदा फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. वाट बघतो."

चारचा भोंगा झाला. फिटर, वेल्डर, कारकून, पहारेकरी सगळे रांगेनं निघाले. पुढे हलगी, मागे उत्तमराव, हातात शालीचं पुडकं. रस्ताभर ते मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होते. माझी चूक झाली, बाबा. चार माणसांत म्हणायचं म्हणजे घसा आधीच साफ हवा.

स्टँडवर कुणी नव्हतं. शेंगदाण्याची पाटी घेऊन रंगुबाई बसली होती, आणि डेपोचा तपासनीस वहीत काहीतरी लिहीत होता. हलगी दोन ठेके वाजली आणि आपोआप थांबली.

"गाडी?" उत्तमरावांनी विचारलं.

"गेली. साडेचारला. काट्यावर," तपासनीस अभिमानानं म्हणाला.

"अहो, आत्ता कुठे चार वाजून दहा..."

तपासनीसानं मनगट पुढे केलं. पाचला दहा कमी होती. उत्तमरावांनी आपलं मनगट पाहिलं. मग सगळ्यांनी आपापली मनगटं पाहिली, आणि नंतर कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

"बाबा लई टाइम हुभं हुतं बगा," रंगुबाई म्हणाली. "गाडीच्या दांडीला धरून. कारखान्याकडं बगत हुतं."

कारखान्याची जीप त्या दिवशी नेमकी नगरला गेलेली. उत्तमरावांनी मच्छिंद्रची सायकल ओढली, हार मुठीला अडकवला आणि फाट्याकडे पायडल मारायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असं पळताना पाहिलं नव्हतं. दोन मैलांवर चेन पडली. हाराची फुलं चाकात गेली. काळे हात घेऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि समोर सरळ गेलेल्या डांबरी रस्त्यावर धुरळासुद्धा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला.

"आमचं मशीन चुकत नाही," कंपनीचा साहेब म्हणाला. "करंट तुमचा जातो."

"पण घड्याळ चाळीस मिनिटं मागे पडलंय!"

"करंट चाळीस मिनिटं गेला असणार. म्हणजे मशीन बरोबरच आहे. त्यासाठी आमचा बॅटरीचा संच मिळतो. वेगळा घ्यावा लागतो."

"हे विकताना का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. आणि सील तोडू नका हं. हमी जाईल."

संचालकांनी बॅटरीचा संच मंजूर केला. शिवाय कंपनीचा एक इंजिनिअर वर्षातून चार वेळा येऊन नुसती पेटी बघून जाईल असाही करार झाला. या खेपेला उत्तमराव बैठकीत काही बोलले नाहीत. फाटकावरची पाटी मात्र त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतः उतरवली.

पुढच्या रविवारी ते पारनेरला गेले. भिमाबाईचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. बाबा ओसरीवर तूर निवडत बसले होते.

"या, सायेब! भिमे, च्या टाक. आमचं सायेब आल्यात."

उत्तमरावांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. हलगी नव्हती, माणसं नव्हती. वाक्य तयार होतं, पण तोंडातून दुसरंच आलं.

"बाबा, आम्ही आलो होतो. सगळे आलो होतो. पण..."

"ठाव हाय मला. चारचा भोंगा झाल्यावं आला असाल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. चाळीस मिनिटं मागं हुता त्या दिशी. म्हून तर कंडक्टरला म्हनलं, ईस मिनिटं थांब, आमची मान्सं येनार हायेत. त्यो म्हनला, बाबा, आधी थांबत हुतो तर तुमच्याच गावानं अर्ज केला. आता न्हाई जमायचं." बाबा हसले. "त्याचं बी बरोबर हाय. अर्जातलं अक्षर लई चांगलं हुतं म्हन्ला."

उत्तमरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मग बाबा, आम्हाला आधी सांगायचं ना! एक शब्द सांगितला असता..."

"सांगितलं हुतं की," बाबा तूर निवडत म्हणाले. "एकदा."

त्यात राग नव्हता. असता तर उत्तमरावांना सोपं गेलं असतं. ते खाली बघून म्हणाले, "माझी चूक झाली, बाबा. भोंग्याचीही, आणि त्या दिवसाचीही. परत चला. रूळ अजून लिंबाला आहे. मी संचालकांशी बोलतो."

बाबांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नगं, सायेब. हितं मला कुनी टाइम इचारत न्हाई. पह्यले चार दिस लई चुकल्यावानी झालं. सारखा हात खिशाकडं जायचा. आता लेकीनं हाक मारली की जेवतो. एवढ्या वर्सांत पह्यल्यांदा गरम जेवतोय." मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि ते उठले. "चला, तुमच्या गाडीची येळ झाली. पोचवायला येतो."

उत्तमराव नको नको म्हणत असताना बाबा निघाले. भिमाबाई निघाली, जावई निघाला, कारखान्याचे साहेब आलेत असं ऐकून शेजारचा शिंपी आणि त्याची बायकोही निघाली. उत्तमरावांना खिडकीची जागा मिळाली. पण ड्रायव्हर चहाला गेलेला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, आणि खाली ही सगळी मंडळी खिडकीशी उभी.

"बाबा, जा आता घरी. ऊन लागेल."

"जाऊ की. गाडी तर हालू द्या."

"अहो, कशाला उगाच..."

"मान्सं थांबली की जानाऱ्याला बरं वाटतं," बाबा म्हणाले.

उत्तमरावांना खिडकीतून तोंड आत घ्यावं लागलं. शेजारी बसलेल्या पागोटेवाल्यानं खाली डोकावून ती सगळी गर्दी पाहिली.

"लई मान्सं आल्यात की तुमाला पोचवायला!" तो म्हणाला. "बदली झाली का काय सायेब?"

"नाही हो," उत्तमराव रुमाल शोधत म्हणाले. "त्यांना पोचवायला मीच आलो होतो."

पागोटेवाल्यानं एकदा खाली उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं, एकदा गाडीत बसलेल्या उत्तमरावांकडे पाहिलं, आणि तो जरा सरकून बसला.