बोरसेनाना आणि मागच्या खोलीतला लिनक्स

बोरसेनाना आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आम्हाला नमस्कार करायच्या आधी फ्रीजला स्क्रूड्रायव्हर लावला. टोक फ्रीजच्या पाठीला, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. बऱ्याच वेळाने नानांनी डोळे उघडले. "वहिनी, उन्हाळ्यात हा तुम्हाले दगा देणार," असं म्हणून त्यांनी कप उचलला. उन्हाळ्यात फ्रीजने खरोखरच दगा दिला. तेव्हापासून आमच्या घरात नानांचा शब्द पंचांगाच्या वरचा.

सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो आणि नाना मेंटेनन्सचे प्रमुख. राहायला दोघेही डोकमर्डीला, एकाच जिन्यावर. नानांचं मूळ गाव धुळ्याकडचं. कामगारांशी हिंदी, मालकांशी गुजराती, माझ्याशी मराठी आणि मशीनशी अहिराणी, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली होती. रुसलेल्या मशीनच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायचे, "व्हई जाई, व्हई जाई." आणि व्हायचंही. माणसाला स्वतःबद्दल इतकी खात्री असणं मला जरा खटकायचं. पण नाना बरोबर निघायचे, त्यामुळे टोमणा मारायची सोयच नव्हती.

घरात ते एकटे. बायको फार पूर्वी गेली. मुलीला, वैशालीला, त्यांनीच वाढवलं. तिची वेणीसुद्धा हेच घालायचे, आणि ती वेणी दोरखंडासारखी घट्ट असायची. पोरगी हुशार निघाली. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली, आणि तिच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर इथेच, प्लास्टिकच्या कव्हराखाली राहिला.

रविवारी दुपारी आमलीच्या एसटीडी बूथवरून नाना तिच्या होस्टेलला फोन लावत. मला सोबत नेत, कारण एकट्याने जायला त्यांना कसंसंच व्हायचं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीच ओळखलं. फोन असा चालायचा :

"जेवनी का?"

तिकडून काहीतरी एक अक्षर.

"अभ्यास?"

आणखी एक अक्षर.

"बरं. ठेवस मग."

फोन ठेवल्यावर नाना खिडकीतून बाहेर बघत बसायचे. बूथवाले गुजराती काका विचारायचे, "बस? पती गयुं?" संपलं एवढ्यात? नाना मान हलवायचे. कारखान्यात तासन्‌तास बोलणारा हा माणूस पोरीशी बोलायला विषय शोधत होता आणि तो सापडत नव्हता.

मग एका रविवारी वैशाली बोलता बोलता म्हणाली, की कॉलेजात आता विंडोज नाही, लिनक्स शिकवतात. झालं. दुसऱ्याच आठवड्यात नाना वापीहून एक मासिक घेऊन आले. त्याच्यासोबत लिनक्सची सीडी फुकट होती.

"कुलकर्णी साहेब, एकाच मशीनमधी दोन बिऱ्हाडं ठेवायची. विंडोजबी राहील, हाबी राहील."

आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, विंडोज पुसून टाका, मग लिनक्स घाला, कटकट नाही. नाना भडकले. "जुन्या भाडेकरूले बाहेर काढून नव्याले घ्यायचं? ही काय माणुसकी झाली?"

नानांनी धुळ्यात चार खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, आणि त्यांचा त्या बाबतीतला नियम ठरलेला होता : जुनं बिऱ्हाड पुढे, नवं बिऱ्हाड मागे. नव्याचा स्वभाव कळला की मग पुढचं पुढे. त्याच नियमाने त्यांनी हार्ड डिस्कची वाटणी केली. पुढचा सगळा भाग विंडोजला, आणि लिनक्सला अगदी मागची, परसाकडची खोली. सीडीतलं सगळं आत गेलं. मशीन बंद करून सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटली, एल आणि आय. पुढे काहीच नाही.

"नाव सांगू राहिला," नाना म्हणाले. "लाजतोय जरा."

अर्धा तास झाला तरी पाहुणा नावाच्या पुढे सरकेना. नानांनी स्क्रूड्रायव्हर काढला, कॉम्प्युटरच्या डब्याला लावला, कान दिला. मग व्होल्टेज मोजलं. अर्थिंग तपासलं. शेवटी थाप मारून अहिराणीत समजूतही घातली. एल, आय.

त्या रविवारी नाना बूथमध्ये आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. नाना म्हणाले, "माय, तो एल-आय लिहीस आनि थांबी जास." आणि पलीकडून एक अक्षर नाही, वाक्यं आली. मग प्रश्न. मग हसणं, ते मला काचेतूनही ऐकू आलं. "नाना, तुम्ही एकट्याने लिनक्स टाकला?" हे ती तीनदा तरी म्हणाली असेल, कारण नानांनी प्रत्येक वेळी नवी छाती फुगवली. ती म्हणाली, मैत्रिणींना विचारून सांगते.

पुढच्या रविवारी तिने एक उपाय सांगितला. तो चालला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा. आता फोन लांबू लागले. उपायांच्या मध्ये मेसच्या डाळीची तक्रार यायला लागली, एका खडूस सरांची नक्कल यायला लागली, कोणत्या मैत्रिणीशी भांडण झालं तेही. नाना बूथमधून घामाघूम होऊन बाहेर यायचे आणि लग्नघरातून आल्यासारखे दिसायचे. काकांनी त्यांच्यासाठी आत टेबलफॅन ठेवला.

एका संध्याकाळी बायकोने केलेलं थालीपीठ द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. पडद्यावर एल-आय नव्हतं. लिनक्स व्यवस्थित चालू होता, कोपऱ्यात त्याचं घड्याळसुद्धा पळत होतं.

"नाना! झालं की हो! कधी?"

नाना चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग त्यांच्यातला मेंटेनन्सवाला वर आला, त्याला राहवेना. "मशीन उठतं तेव्हा त्याचा हात लांब पोचत नाही, साहेब. मागच्या खोलीपर्यंत जातच नव्हता. म्हणून नव्या बिऱ्हाडाले पुढच्या अंगाले एक लहान कोठी काढून दिली. उठायचं सामान तिथं. बाकी संसार मागंच."

"आणि विंडोज?"

"तोबी खुशाल. मशीन विचारतं, कोणाले उठवू? आपण सांगायचं."

"वैशाली नाचेल आता!"

नाना खुर्चीत बसले. थालीपिठाचा डबा त्यांनी उघडला, पुन्हा बंद केला.

"तिले सांगू नका," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. मी रोज ठरवतो सांगायचं. मग वाटतं, हे संपलं तर पुन्हा ती 'हो' म्हणेल, मी 'बरं' म्हणेन, आणि फोन ठेवायचा. मले करमत नाही हो तिच्याबिगर."

असं काही नानांच्या तोंडून ऐकायची मला सवय नव्हती. माझे डोळे भरून आले. मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

रविवारी बूथमध्ये नानांनी सराईतपणे थाप मारली. "नही ना माय, अजून तसंच. एल-आय." मी बाकावरून त्यांच्याकडे बघत होतो. पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. नानांचा चेहरा आधी फुलला, मग पांढरा पडला, मग पुन्हा फुलला. फोन ठेवून ते बाहेर आले तेव्हा काकांचे पैसे द्यायचेही विसरले. ते मी दिले.

"काय झालं?"

"दिवाळीच्या सुट्टीत ती मैत्रिणींसोबत फिरायला जाणार होती. म्हणाली, रद्द केलं. घरी येऊ राहिली. म्हणाली, नाना, आता मीच येऊन बसते त्याच्याशी."

"अहो, मग छान झालं!"

"काय छान? मशीन चालू आहे ना!" नानांनी माझा दंड धरला आणि मला स्कूटरकडे ओढत नेलं. "चला लवकर, कुलकर्णी साहेब. बिघाड परत बसवायचाय. आणि साधासुधा नको, पोरगी हुशार आहे. सगळी सुट्टी पुरला पाहिजे."