मोठे जावई आणि ‘मांडवधून’

नूतनने ज्ञानकोशातलं पान सुधारलं ते अगदी चांगल्या मनाने. तिचे सासरे टिकाराम यांच्या आनंदी बँडने एकदाच काढलेल्या ‘मांडवधून’ या अल्बमवर ऑनलाइन ज्ञानकोशात कुणीतरी जेमतेम दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. तिने धुनांची माहिती भरली आणि वाजवणाऱ्यांची नावं घातली: ट्रम्पेटवर टिकाराम, ढोलावर महागू, क्लॅरिनेटवर प्रेमलाल. मग हौसेने ते पान सगळ्यांना मोबाइलवर पाठवलं. चुकलं ते इथेच.

प्रेमलाल टिकारामचे धाकटे जावई. भरवेलीच्या खाणीत नोकरी, लग्नसराईत सासऱ्यांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. त्यांचा लगेच फोन आला.

“मामाजी, जवायाचं नाव ढोलाच्या खाली? उद्या राजेगावच्या वरातीत ढोलच वाजवा. मी नाही येऊन राह्यलो.”

टिकारामचा चेहरा उतरला. राजेगावच्या नवरदेवाने बँड ठरवला होता तोच क्लॅरिनेट ऐकून. “सूनबाई, जवायाले वर घे वं.”

नूतनने घेतलं. तासाभरात महागू दारात हजर. “मी तुह्या सासऱ्याच्या लग्नात वाजवलं. आता मले खाली काहून ढकललं?”

सासूबाईंना, म्हणजे गोदाबाईंना, या गोंधळाची गंमतच वाटली. “एवढं काय त्यात? लग्नपत्रिकेत लिवतो तसं लिव. कोनी रुसत नाही.”

मग काय, पान सजलं. वर महागूचे आशीर्वाद, खाली विनीत, स्नेहांकित, स्वागतोत्सुक. तळाशी ‘आमच्या आजोबांचा अल्बम ऐकायला नक्की यायचं हं.’ जावयांची वेगळी ओळ केली आणि रीतीप्रमाणे तिच्यात आधी उकवा गावचे मोठे जावई आले.

प्रेमलालचा पुन्हा फोन. “तो कायले पायजे? त्याले शिट्टी बी वाजवता येत नाही.”

“तो मोठा हाये, बापू,” टिकाराम म्हणाले.

“मंग त्यालेच न्या राजेगावले.”

टिकाराम ओसरीवर नुसते बसून राहिले. ट्रम्पेट पुसायलाही त्यांनी घेतला नाही. नूतनला रडू आलं. म्हाताऱ्याचं नाव चार लोकांनी वाचावं एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी तिने पान उघडलं तर सगळं साफ. ज्ञानकोशाच्या कुणा स्वयंसेवकाने विनीत, जावई, आशीर्वाद, सगळं काढून एकच ओळ ठेवली होती: ‘मांडवधून हा बालाघाटच्या आनंदी बँडचा अल्बम आहे. वादक: अज्ञात.’

टिकारामने हे प्रेमलालला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुमचं बी नाव काढलं?”

“हौ.”

“मोठ्या जवायाचं?”

“त्याचं बी.”

“मंग ठीक हाये,” प्रेमलाल म्हणाले. “उद्या गाडी कितीले निघते?”

टिकारामने ट्रम्पेट पुसायला घेतला. तेवढ्यात नूतनच्या मोबाइलवर त्या स्वयंसेवकाचा निरोप आला. माणूस भला होता. वादकांच्या नावांचा पुरावा दिलात तर नावं परत घालता येतील, मी स्वतः मदत करतो, असं त्याने लिहिलं होतं. ‘मांडवधून’च्या जुन्या कॅसेटचं कव्हर नूतनच्या हातातच होतं, नावांसकट.

तिने ते कपाटात ठेवलं आणि उत्तर लिहिलं, “आभारी आहे. कृपया पान असंच राहू द्या.”