साहेबी निळा

मोठे साहेब दौऱ्यावर गेले आणि त्यांची गाडी सर्व्हिसिंगहून आणण्याची जबाबदारी भाऊसाहेबांवर आली. भाऊसाहेब म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क. बढतीच्या रांगेत ते इतकी वर्षं उभे होते, की मागचे पुढे निघून गेले. पण रांग मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

येताना मात्र मोह झाला. ते मागे, साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र सीटवर रेलून बसले, खिशातलं शाईचं पेन काढलं आणि हवेतल्या हवेत दोन-चार मंजुऱ्या दिल्या. तेवढ्यात गतिरोधक आला. तो विनापरवाना असल्यामुळे चालकाने त्याची दखल घेतली नाही. पेनाने पोटातली सगळी शाई सीटवर ओकली.

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"लिंबू चोळा," चालक म्हणाला. "माझ्या सदऱ्यावरचा डाग तसाच काढला."

लिंबू चोळलं. सुपारीएवढा डाग बशीएवढा झाला.

"कुठंय रे तो सदरा?"

"टाकून दिला."

कचेरीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. लेखा शाखेने टूथपेस्ट सुचवली, आस्थापना शाखेने दाढीचा फेस. दोन्ही शाखांमधून विस्तव जात नसल्याने कुठल्याही एका शाखेचा उपाय डावलणं प्रशासकीयदृष्ट्या धोक्याचं होतं. भाऊसाहेबांनी दोन्ही वापरले. डाग परातीएवढा झाला. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, पाणी अजिबात लावू नका!"

"आत्ताच बादलीभर ओतलं."

"मग आता काय, गरम ओता!"

संध्याकाळपर्यंत सीटवर पांढरं शोधावं लागत होतं. सकाळी साहेब येणार, म्हणजे बढती तर गेलीच, आहे ती खुर्चीही जाणार. भाऊसाहेब डोक्याला हात लावून बसले आणि त्या हाताखालीच त्यांना कल्पना सुचली. डाग म्हणजे शेवटी काय? दोन रंगांमधला मतभेद. एक रंग हटवला की वाद मिटला. त्यांनी शाईच्या बाटल्या मागवल्या आणि उरलंसुरलं पांढरंही निळं करून टाकलं.

सकाळी साहेब गाडीत बसले. सीटकडे पाहिलं. कचेरीशी उतरल्यावर त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब."

"कोणाला विचारून?"

"सगळ्यांना विचारून, साहेब."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "सर्वांना विश्वासात घेऊन काम करणारा माणूस अजून हेडक्लार्कच?"

भाऊसाहेब तिथल्या तिथे अधीक्षक झाले.

आभार मानून ते वाकले आणि साहेब बैठकीला जायला उठले. तेव्हा साऱ्या कचेरीला दिसलं, की साहेबांच्या पांढऱ्या विजारीची मागची बाजू निळीभोर झाली आहे. सीट अजून ओली होती. पण सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एकही उंदीर पुढे आला नाही. उलट उपसाहेबांनी त्या निळाईचा नीट अभ्यास केला आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच निळे होऊन आले. मागोमाग लेखा शाखा आली. आस्थापना शाखा कशी मागे राहील? महिन्याभरात मागून निळा नसलेला माणूस कचेरीत नुकता लागलेला वाटू लागला. मग कापड दुकानदारांनीच विजारी मागून निळ्या करून काचेत टांगल्या, दुप्पट भावाने, 'साहेबी निळा' म्हणून.

वाचून हसू येतंय ना? येणारच. पण परवा त्या काचेसमोर थांबून तुम्हीच हळूच विचारलंत, "यात माझं माप मिळेल का हो?"