बापूजींचा पुरावा

पुंडलिकरावांनी जन्मात कधी औताला हात लावला नव्हता, तरी रोज संध्याकाळी साडेसहा वाजता अख्खा जिल्हा त्यांच्याकडून शेती शिकत होता. रेडिओ केंद्रात ते निवेदक होते, निर्माते होते आणि खेड्यांसाठीच्या कार्यक्रमात सत्तर वर्षांचे जाणते शेतकरी ‘बापूजी’ही तेच होते. खरं वय एकतीस. उरलेली एकोणचाळीस वर्षं ते खोकून भरून काढत. सल्ला कुठल्याशा पुस्तिकेतला असे. त्यात पुंडलिकराव चार वेळा ‘लेकहो’ घालत आणि वाचून टाकत.

नव्या साहेबांना मात्र बापूजींची शंका होती. "तुमचं हे खोकणं कोणी ऐकतं का? ऐकत असल्याचा पुरावा आणा. नाहीतर महिनाअखेर करार संपतोय, तो संपू द्या."

करार संपला की पुंडलिकरावांना सासऱ्यांच्या दुकानात डाळ तोलत बसावं लागणार होतं. ते दुसऱ्याच दिवशी जीप, टेपचं यंत्र आणि यंत्र चालवणारा गोविंदा घेऊन पांढरकवड्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर थडकले. तिथे सरकारी रेडिओ होता.

"मी बापूजी," पुंडलिकरावांनी तांड्याचे नाईक सेवादास यांना सांगितलं.

सेवादासांनी त्यांच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. "कायले थट्टा करता साहेब? बापूजी म्हातारे हायेत. दमा हाय त्यायले."

"गोविंदा, यंत्र चालू कर," म्हणून पुंडलिकराव उभ्या उभ्या वाकले, पोटातून खोकले आणि म्हणाले, "ऐका लेकहो!"

"हाच तो," जमनी म्हातारी म्हणाली. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणायचा. "हाच खोकला. महिना झाला याची वाट पाहून राह्यलो."

पुंडलिकरावांना भरून आलं. त्यांनी मायक्रोफोन पुढे केला. "याडी, तुम्ही माझं ऐकता?"

"शब्द न् शब्द ऐकला. तू म्हणाला, पावसाची वाट पाहू नका, धुळीतच पेरा. पेरलं. एक पाऊस आला, मंग बावीस दिवस थेंब नाही. चार एकराचं बियाणं जळालं. दुबार पेराव लागलं मले."

"म्हणून नसाब बसवला," सेवादास म्हणाले. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तोवर लिंबाखाली माणसं गोल बसली होती आणि मधली एक जागा रिकामी होती. "ज्याच्या बोलण्यानं नुकसान झालं, त्यानं तिथं बसाव लागते. बसा."

पुंडलिकरावांचा खोकला एकदम बरा झाला. "अहो, मी बापूजी नाही! मी कागदावरचं वाचतो फक्त."

"मघा तं खोकलून दाखवलं."

"ते नाटक होतं."

सेवादासांनी गोविंदाला खूण केली. गोविंदाने टेप मागे फिरवली आणि बापूजी सर्वांसमक्ष पुन्हा खोकले.

आपण बापूजी आहोत हे सिद्ध करायला वीस कोस आलेला माणूस आता आपण बापूजी नाही हे सिद्ध करू लागला. शेवटी सेवादासांनी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, दोन रोपं आणून पुढे धरली. "यातली पऱ्हाटी कोणती?"

पुंडलिकरावांनी विचार करून कापसाचं रोप सोडलं आणि अंबाडीवर बोट ठेवलं.

कोणी हसलं नाही. आपण कोणाचं ऐकून पेरलं, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच कळलं होतं, आणि त्यात हसण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. शेवटी सेवादास म्हणाले, "हे तं जास्तच वाईट झालं. सजा एकच. याडीचं वावर निंदून द्या."

पुंडलिकरावांनी पँट दुमडली आणि विळा घेतला. त्यांनी अर्धी ओळ मोठ्या निष्ठेने निंदली. मागून येणाऱ्या जमनीने पाहिलं, तर तण जोमात उभं होतं आणि पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली होती.

"उठवा रे याले!" ती ओरडली. "सजा माफ केली! तिसऱ्यांदा पेरायले बियाणं नाही माह्यापाशी!"

जीपमध्ये गोविंदाने सांगितलं, की यंत्र बाकी सगळा वेळ चालूच होतं. साहेबांनी टेप मागितली तेव्हा पुंडलिकरावांना डाळीचा वास येऊ लागला. पण साहेबांना कामं फार. त्यांनी ‘शब्द न् शब्द ऐकला. तू म्हणाला, पावसाची वाट पाहू नका, धुळीतच पेरा. पेरलं’ एवढं ऐकलं आणि यंत्र बंद करून टेबलावर थाप मारली. "वा! याला म्हणतात पुरावा." करार वर्षाचा झाला.

दिवाळीनंतर सेवादासांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. ‘बापूजीस रामराम. तुमच्यामुळे यंदा दुबार पेरणीतूनही कापूस चांगला निघाला. रोज साडेसहाला सारा तांडा रेडिओपुढे बसतो.’ मजकूर पत्त्याच्या बाजूला पुढे चालू होता: ‘तुम्ही सांगता त्याच्या बरोबर उलटं करतो. बोलणं बंद करू नका.’

साहेबांनी पहिली बाजू वाचली आणि कार्ड काचेच्या चौकटीत घालून स्टुडिओच्या दाराशी लावायला सांगितलं. पत्त्याची बाजू भिंतीकडे गेली. पुंडलिकराव आजही बापूजी होण्याआधी त्या चौकटीशी थांबतात आणि खिळा घट्ट आहे ना, ते हलवून पाहतात.