जेवणाच्या टेबलावरचा पाहुणा

त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेले कित्येक महिने कुणी जेवलं नव्हतं. तिथे एक माणूस आडवा पडलेला असायचा. माणूस म्हणजे दोन हात, दोन पाय, छातीत वायरींचा गुंता आणि डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे. विमा कंपनीत दिवसभर फायली उपसणाऱ्या नवऱ्याने इंटरनेटवर फुकट मिळणारे रोबोटचे आराखडे उतरवून घेतले, थ्रीडी प्रिंटरवर एकेक हाड छापलं आणि जोडणीसाठी घरातली सगळ्यात मोठी सपाट जागा बळकावली. बायको त्याला 'पाहुणा' म्हणायची, आणि अशा सुरात म्हणायची की हा जाणार कधी, हे वेगळं विचारायची गरज उरत नसे.

मांडीवर ताट घेऊन जेवणंही तिने चालवून घेतलं असतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेले तिचे बाबा राहायला आले. त्यांना खाली बसता येईना, सोफ्यात रुतले की उठता येईना, म्हणून बिचारे ओट्याशी उभ्याने जेवू लागले. त्यात त्यांची साखर वाढलेली. म्हणून बायकोने घरात गोड बंद केलं, तेही सगळ्यांसाठी, कारण एकट्या बाबांवर अन्याय नको. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बिस्किटांचा एक डबा तेवढा स्वयंपाकघरात ठेवला होता.

एका सकाळी तिने चष्मा डोक्यावर सरकवला. ती शिक्षिका. तिने चष्मा असा वर केला की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि घरी नवऱ्याचीही तीच गत.

"रविवारपर्यंत हा चालला तर गॅलरीत जाऊन उभा राहू दे. नाही चालला तर याची हाडं पोत्यात आणि पोतं माळ्यावर. बाबा टेबलावर जेवणार."

"टेबलाशी," बाबा म्हणाले.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणा उभा राहायचा, पण पाऊल टाकलं की धाडकन तोंडावर. असे रोबोट बनवणाऱ्या हौशी लोकांचा जगभर पसरलेला एक गट होता. त्यांनी सांगितलं, त्याला माणसाचं चालणं दाखव, बघून बघून शिकेल. आता दिवसभर चालून दाखवणार कोण? नवऱ्याला ऑफिस, बायकोला दुपारपर्यंत शाळा. घरात रिकामे होते ते बाबा, आणि डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंच होतं. ते सबबी सांगून टाळत होते, ही गोष्ट वेगळी. नवऱ्याने हॉल आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसेल असा कॅमेरा बसवला, सासऱ्यांच्या हातापाया पडला आणि ऑफिसला गेला.

शनिवारी पाहुणा चालला. दोनचार पावलं पडला नाही, एवढं बघूनच नवऱ्याला भरून आलं. त्या गटाचा नियम होता, आपल्याला जे जमलं ते लगेच सगळ्यांना द्यायचं. हा गडी वीजबिल विसरेल पण नियम नाही. त्याने पुढचं काही न बघता ती चाल जगभर पाठवून दिली.

रविवारी बायको आणि बाबांसमोर पाहुणा निघाला. एक हात कमरेवर, उजवा पाय किंचित फरफटत. थोडं चालला की थांबायचा, गुडघा चोळायचा. बाबांचीच चाल. बायकोला हसू आवरेना. मग पाहुणा स्वयंपाकघरात शिरला, मान वळवून एकदा दाराकडे बघितलं, फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि तो हात छातीपाशी नेला, बरोबर सदऱ्याचा खिसा असतो तिथे.

बायकोने डबा हातात घेतला. तळाशी चुरा होता.

"बाबा, हे काय?"

बाबा छताकडे बघत होते. "तंत्रज्ञान फार पुढे गेलंय बघ," ते म्हणाले.

तेवढ्यात नवऱ्याच्या फोनवर निरोप येऊन धडकू लागले. कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी आभार मानले होते. त्यांचा रोबोट आता पडत नाही, मात्र औषधांच्या कपाटापाशी जाऊन चोरासारखा मागे का बघतो, एवढं कळवावं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या घरची लक्तरं परमुलखात वाळत घातलीस, म्हणून ती नवऱ्यावर कडाडली. त्याने हात जोडून आणखी एक आठवडा मागितला. मिळाला, पण बाबांनी सरळ चालायचं, या अटीवर. डबा तिने पुन्हा भरून हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे लपवला. बाबांना काही झालं तरी तिथवर वाकता येणार नव्हतं.

आठवडाभर बाबा ताठ मानेने चालले. जगात आपली चाल जाते म्हटल्यावर इस्त्रीचा सदरा घालून चालले. दुपारी ते झोपत, पण कॅमेरा चालूच असायचा, कारण तो बंद करायचं नवऱ्याच्या कधी लक्षात येत नसे.

पुढच्या रविवारी पाहुणा उठला आणि ताडताड चालू लागला. लंगडणं नाही, कमरेवर हात नाही, स्वयंपाकघराकडे ढुंकूनही बघणं नाही. बायकोने समाधानाने मान डोलावली. हॉलच्या टोकाला पाहुणा वळला. पुस्तकांच्या कपाटापाशी आला. बाबांच्या खोलीकडे एक नजर टाकली, चटकन उकिडवा बसला आणि खालच्या खणात गठ्ठ्यामागे हात घातला. हात तोंडाशी नेला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग उठून ओठ पुसले आणि मोठ्या रुबाबात, नसलेला चष्मा डोक्यावर सरकवला.

बायकोचा हात चष्म्याकडे गेला होता, तो तिने तसाच खाली आणला.

"हे पाठवलंस?" तिने हळूच विचारलं.

"सकाळीच," नवरा म्हणाला. "नियम आहे."

बाबांनी खुर्ची ओढली. रिकाम्या झालेल्या टेबलाशी ते ऐसपैस बसले, दोन्ही कोपरं टेकवली आणि लेकीकडे मायेने बघितलं.

"पोरी, तो डबा तेवढा इकडे आण. मला काही वाकता येत नाही."